सरदाराच्या घरचा आहेर

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही खोपोलीकडच्या डोंगरात एकटे चालला आहात आणि करवंदीच्या जाळीतून एक कोल्हा बाहेर आला. तुमच्या हातात काठी आहे. तुम्ही ती कोल्ह्याच्या डोक्यात घातली. (खऱ्या कोल्ह्याच्या डोक्यात घालू नका. तो बिचारा करवंदं खायला आलेला असतो.) कोल्हा आडवा झाला, धुरासारखा विरून गेला, आणि तो पडला होता तिथे सोन्याची नाणी चमकायला लागली. आता मला सांगा, कोल्ह्याने ती ठेवली कुठे होती? कोल्ह्याला खिसा नसतो. कमरेला बटवा नसतो. आणि मुळात त्याला नाण्यांचं काम काय? तो कुठल्या दुकानात जाऊन कोंबडी विकत घेणार होता?

हा प्रश्न मी आमच्या शेजारच्या भाविकाला विचारला. भाविका यंदा सहावीत गेली. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने मी चौतीस वर्षं नोकरीत साहेबांच्या परिपत्रकांकडे पाहत आले.

"बाई, गेम आहे तो," ती म्हणाली.

हे उत्तर नव्हे. पण मी शिक्षिका होते, आणि शिक्षिकेने चुकीच्या उत्तरावरही शांत राहायचं असतं. निवृत्त झाले तरी ती सवय गेलेली नाही.

तर हा गेम म्हणजे 'नागदुर्ग'. त्याचे तीन भाग निघाले आहेत. नागांचा एक किल्ला, एक शूर योद्धा, आणि वाटेत जे जे प्राणी भेटतील त्यांना मारून त्यांच्या पोटातली चिल्लर गोळा करणं, एवढीच त्याची गोष्ट. सगळं मराठीत केलेलं आहे म्हणतात. योद्धा मेला की पडद्यावर अक्षरं येतात, 'आपण यशस्वीरीत्या मरण पावला आहात.' असं मराठी माझ्या वर्गात कोणी लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं नसतं, पण पालकांना नक्की बोलावलं असतं.

पहिल्या भागात मोहरा चालायच्या, दुसऱ्यात माणकं, तिसऱ्यात होन. नवा भाग निघाला की जुनं नाणं बाद. दुसऱ्या भागातल्या लखपतीला तिसऱ्या भागात पाणी पाजायला कोणी नसतं. लोकांच्या खिशातले पैसे असे कागद करून टाकायचे आणि त्यांनी आनंदाने नव्या भागाच्या रांगेत उभं राहायचं, असा हा कारभार. होनांना वजनही नसतं. योद्धा हजारो होन अंगावर घेऊन नदी पोहून जातो. मी भाविकाला म्हटलं, "अगं, तो बुडायला पाहिजे." ती म्हणाली, "बाई, तुम्ही जरा मागे सरका, उजेड अडतोय."

पण एक गोष्ट मान्य करते. भाविकाने या गेमवर खरा रुपया एकही घातला नव्हता. तिच्या आईची, संजनाची ताकीदच होती: एक रुपया कापला गेला की फोन कपाटात. त्यामुळे पोरगी सगळी मे महिन्याची सुट्टी गेममधल्या रानात वाकून नागवेलीच्या मुळ्या उपटत होती. मुळी उपटायची, वैद्याला विकायची, होन साठवायचे. तिला एक पंखांचा पांढरा घोडा घ्यायचा होता. त्याचं नाव तिने आधीच चांदण्या ठेवलं होतं. घोडा मिळायचा फक्त किल्ल्याखालच्या जत्रेत, आणि जत्रा रविवारी संध्याकाळी उठणार होती. सोमवारी चौथा भाग निघणार, म्हणजे होन बाद. घोडा घेतलेला असला तर तो पुढे येतो. होन येत नाहीत. हे तिने मला दोनदा समजावून सांगितलं आणि नंतर प्रश्न विचारून समजलं की नाही ते तपासलं. ही पद्धत ती माझ्याकडूनच शिकली आहे.

त्याच आठवड्यात तिच्या मामाची हळद निघाली, वांगणीजवळच्या गावात. संजना म्हणाली, "हळदीला फोन नाय न्यायचा. तिकडं जाऊन खाली मान घालून बसशील." भाविका फोन घेऊन माझ्या दारात आली.

"बाई, फक्त माझ्या भाताच्या रोपाला पाणी घाला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. नाहीतर रोप जळतं. दुसऱ्या कशाला हात लावू नका. घोड्यापुरते होन जमलेत. मी रविवारी दुपारी येते आणि घेते."

बस, एवढंच काम. एका रोपाला पाणी घालणं.

आता आमचं खालापूर तालुक्यातलं घर भाताचं. रोपांच्या जागेवर राब भाजण्यापासून भाताच्या झोडणीपर्यंत मी सगळं केलेलं आहे. या गेममधलं भात चिखलणीशिवाय, लावणीशिवाय चार दिवसांत पिकतं आणि वर त्याला उन्हाळ्यात पाणी लागतं. ते पाणीसुद्धा योद्धा शिरस्त्राणातून घालतो. मी नाक मुरडून घातलं. सकाळचं पाणी नीट झालं. संध्याकाळी मी फोन घेऊन बिल्डिंगच्या खाली बाकावर बसले, तेव्हा पडद्यावर एक घोडेस्वार आला आणि त्याने गुंडाळलेला कागद उलगडला: 'सरदार वज्रबाहू यांच्या थोरल्या कन्येचा विवाह. आपण भेट देऊ इच्छिता?'

मी चष्मा पुसला. तेवढ्यात शेजारच्या बाकावरून अंबाबाई वाकल्या. अंबाबाई आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यात जुन्या. कुणाच्या लग्नात कुणी काय घातलं हे त्यांना तीन पिढ्यांचं पाठ आहे.

"कुणाची पत्रिका गं?"

"कुणाची नाही. गेम आहे."

"लगीन हाय ना?"

"खोटं लगीन आहे."

"लगीन खोटं असंल. बोलावनं तर खरं हाय," अंबाबाई म्हणाल्या. "कोन हा सरदार? आपल्याकडं काय घातलं हुतं त्यानं?"

मी नको ते केलं. मी माहिती काढली. भाविकाच्या योद्ध्याला, म्हणजे रणरागिणी भाविकाला, गेमच्या सुरुवातीला तलवार याच सरदाराने दिली होती.

"तलवार दिली," अंबाबाईंनी श्वास ओढून घेतला. "आनि तुमी बसून राहनार. पोरीचं नाव घालवनार."

तोवर पोपटशेठ गाडी लावून आला. पोपट माझा विद्यार्थी. सातचा पाढा त्याला अजून येत नाही, पण फार्महाऊसच्या जमिनीचा भाव गावोगावचा पाठ आहे. त्याच्यामागून मनोज आला. तो खोपोलीच्या कारखान्यात कामाला आहे आणि जे यंत्र त्याने आयुष्यात पाहिलेलं नाही त्याबद्दल त्याला सर्वात जास्त माहिती असते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, फोन बंद करायचा. मुलांनो, तुम्ही अजून लहान आहात. तुमच्या हातात पत्रिका आहे आणि भोवती चार माणसं 'काय घालणार' म्हणून बघताहेत, अशी वेळ तुमच्यावर आलेली नाही.

"पाचशे टाकू," मी म्हटलं.

"पाचशे नाय, पाचशे एक," अंबाबाई म्हणाल्या. "त्यो वरचा एक हाय ना, त्योच खरा आहेर. खालचं नुसतं पैसं."

मी पाचशे एक लिहिले आणि 'पाठवा' दाबलं. सरदाराचा कारभारी पडद्यावर आला. त्याने लवून सांगितलं, 'सरदार आपल्या भेटीने किंचित प्रसन्न झाले.'

सगळ्यांनी पडदा पुन्हा वाचला.

"किंचित?" पोपटशेठ म्हणाला. "किंचित म्हंजी काय, बाई?"

"थोडेसे."

"खालापूरचा आहेर आनि थोडासा? बाई, माझंबी पाकीट टाका. पाच हजार एक. माझ्या नावानं."

"तुझं पाकीट कुठे आहे त्यात?"

"आता तुमी लग्नाला चाललाय ना? मंग शेजाऱ्याचं पाकीट न्यायला काय जातं? मागनं बघू."

हे आमच्याकडे चालतंच. एकजण लग्नाला निघाला की सगळी आळी त्याच्या हातात पाकिटं देते. फरक एवढाच की त्या पाकिटांत देणाऱ्याचे पैसे असतात. पोपटशेठचं पाकीट गेलं. 'सरदार बऱ्यापैकी प्रसन्न झाले.' मनोज म्हणाला, हे पाच पायऱ्यांचं सेटिंग असतं, वरच्या पायरीला पोचलो की सगळं दुप्पट होऊन परत येतं, ही टेक्निकल गोष्ट आहे. मनोजचं पाकीट गेलं. अंबाबाईंनी स्वतःचं घातलं, वारलेल्या दिरांचं घातलं, आणि मग सरदाराची मुलगी सासरी चालली म्हणून डोळ्याला पदर लावून आणखी एक घातलं. शेवटच्या पाकिटाला कारभारी म्हणाला, 'सरदार अतिप्रसन्न झाले,' आणि परतीचा मान म्हणून त्याने आम्हाला एक पागोटं दिलं. वापरलेलं.

कोपऱ्यात भाविकाचे होन दिसायचे. तिथे आता सात हा आकडा होता. सात हजार नव्हे. सात.

"दुप्पट कधी होणार, रं?" अंबाबाईंनी विचारलं.

मनोज म्हणाला, "नेटवर्क स्लो हाय."

दुसऱ्या दिवशी शनिवार. आम्ही होन परत मिळवायला निघालो. प्रथम कंपनीकडे तक्रार. कंपनीला फोन नंबर नाही, पत्ता नाही. फक्त 'ठिणगी' नावाची एक यांत्रिक मैत्रीण आहे, तिला लिहायचं. मी शुद्ध मराठीत, विरामचिन्हांसकट, सविस्तर लिहिलं. ठिणगीने उत्तर दिलं, 'तुम्हाला मजा येत आहे हे ऐकून आनंद झाला.' मी पुन्हा लिहिलं. ठिणगीने विचारलं, 'आपण जिवंत आहात का? होय किंवा नाही निवडा.' एवढ्या वर्षांत कोणत्याही कचेरीने मला हे इतक्या उघडपणे विचारलेलं नव्हतं. पेन्शनवालेसुद्धा वर्षातून एकदाच विचारतात, आणि तेही मान देऊन. शेवटी ठिणगी म्हणाली, 'दिलेली भेट परत मागणे नागदुर्गाच्या रीतीत बसत नाही.'

"हे मातर त्यांचं बरोबर हाय," अंबाबाई म्हणाल्या.

पोपटशेठचा विश्वास मात्र एकाच गोष्टीवर आहे, स्टॅम्प पेपरवर. जमीन असो, भांडण असो, बायकोचा रुसवा असो, तो आधी स्टॅम्प पेपर आणतो. होन परत मागायचा कागद करायला त्याने मला आणि मनोजला गाडीत घालून बाजारात नेलं. तिथे झाडाखाली एक टायपिस्ट बसतो. त्याने वर न बघता विचारलं, "समोरच्या पार्टीचं नाव?"

"सरदार वज्रबाहू."

"वडलांचं?"

मनोजने फोनमध्ये शोधलं. "महाबाहू."

"वय?"

"तीनशे वर्षं."

टायपिस्टने 'सज्ञान' असं टाइप केलं. "राहणार?"

"नागदुर्ग."

"तालुका?"

पोपटशेठ क्षणभर थांबला आणि म्हणाला, "कर्जत लिवा. किल्ला हाय म्हंजी कर्जतच असंल."

मग शेजारच्या टेबलावरच्या नोटरी वकीलसाहेबांनी सही करण्याआधी विचारलं, या सरदारांना ओळखणारं कोणी आहे का? पोपटशेठ ताबडतोब पुढे झाला. "मी वळखतो ना. घरचेच हायेत." जमिनीच्या धंद्यात त्याने अशा किती सरदारांना ओळखलं असेल, हा विचार मी तिथेच थांबवला. वकीलसाहेबांनी कागद पुन्हा वाचला, सरदाराच्या नावावर बोट ठेवलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे चौथी केलेली आहे. "बाई," ते हळूच म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?" सही राहिली, आणि ते पाच शब्द मी अजून विसरलेले नाही.

राहिला मनोज. त्याने खोपोलीतल्या एका मोबाइलच्या दुकानातून स्वस्तात भरपूर नाणी आणली. अभिमानाने टाकली. ती होती दुसऱ्या भागातली माणकं. आम्ही ती जत्रेतल्या घोडेवाल्यासमोर ठेवली, तर तो म्हणाला, 'हे नाणे आमच्या राज्यात चालत नाही, परदेशी.' मी परदेशी. ज्या मातीत माझ्या आजोबांनी राब भाजले तिथे बसून मी हे ऐकून घेतलं.

रोपाला पाणी घालायचं त्या गडबडीत राहून गेलं. रोप जळलं.

रविवारी दुपारी भाविका आली. हळदीचा डाग कोपरापर्यंत, केसांत गजरा. आम्ही चौघे बाकावर असे बसलो होतो, जसे मधल्या सुट्टीत काच फोडलेले चौघे बसतात. फोन मी तिच्या हातात दिला. तिने कोपऱ्यातला सात बघितला. जळलेलं रोप बघितलं. पागोटं बघितलं. तिची हनुवटी हलायला लागली, पण ती रडली नाही, आणि ते बघवत नव्हतं.

"कुणी दिले?" तिने विचारलं.

मी सांगितलं. खोटं सांगणं मला जमत नाही. कुणाच्या नावाने किती, ते सगळं सांगितलं, अंबाबाईंच्या दिरांसकट.

"भाविका, तुला रुपये देतो गं," पोपटशेठ म्हणाला. "तिथं इकत मिळतात ना होन? बोल किती."

"आई फोन कपाटात ठेवेल," ती म्हणाली. तिने पागोट्याकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "काका, आहेर घातला की परत येतो ना?"

"येतो तर. आपल्यात लगीन निघालं की समोरच्याला आनावाच लागतो. वाढवून."

"सरदार आणेल?"

"त्यो काय आननार," अंबाबाई म्हणाल्या. "त्याला रीतभात कुठाय."

"पण माझ्या होनांनी तुम्ही आहेर घातला. तुमच्या नावानं. म्हणजे माझा आहेर तुमच्याकडे आहे."

मला त्या क्षणी, लाजेच्या मध्येच, एक फार जुना आनंद झाला. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाने गणित सोडवलं की होतो तो.

भाविकाने तिथेच बसून रणरागिणी भाविकाचं लग्न ठरवलं. गेममध्ये तशी सोय आहे. नवरा म्हणून तिने नदीवरचा नावाडी निवडला, कारण लग्नानंतर तो भाडं घेत नाही. मग ती घरात गेली, वाटीत अक्षता घेऊन आली आणि आम्हा चौघांच्या हातावर ठेवल्या. "संध्याकाळी जत्रा उठायच्या आत लग्न आहे. आहेर होनांतच आणायचा. आणि विकत घेतलेले चालणार नाहीत."

"मंग आनायचे कुठनं?" मनोजने विचारलं.

"रानातून. मुळ्या उपटून. जत्रा उठायच्या दिवशी वैद्य दहापट भाव देतो."

त्या दुपारी आमच्या बिल्डिंगखाली जे दिसलं ते खालापुरात पुन्हा दिसायचं नाही. चार फोनांवर नागदुर्ग. ज्याने अख्ख्या तालुक्याची शेती प्लॉट पाडून विकली तो पोपटशेठ एकेक मुळी उपटत होता आणि कुरकुरत होता, "बाई, हितं मजूर नाय का मिळत?" मनोज पहिल्याच कोल्ह्यापुढे यशस्वीरीत्या मरण पावला, मग दुसऱ्यापुढे. अंबाबाईंचा हात मात्र बसला. त्यांनी पदर खोचला आणि वैद्याशी भाव करायला लागल्या. वैद्याला ऐकू येत नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मीही उपटत होते. कोल्हे मारायचे नाहीत, असं मी ठरवलं होतं. पहिल्या कोल्ह्याने मला चावा घेतल्यावर मी तो ठराव मागे घेतला. नाणी निघाली. मी ती उचलली, आणि खिशाचा प्रश्न विचारला नाही.

मधूनच भाविकाने गणपतीतला माइक आणून लावला. आमच्याकडे लग्नात आहेर माइकवर पुकारतात, तसा ती पुकारायला लागली. "अंबाबाई यांचा आहेर आला आहे. त्यांच्या दिरांचाही आला आहे. बाईंचा आला आहे. मनोजकाका यांचा अर्धा आला आहे." मग ती थांबायची, आणि हायवेवरच्या धाब्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "पोपटशेठ यांचा आहेर अजून आलेला नाही." तिसऱ्या पुकाऱ्याला वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. पोपटशेठची बायकोही खिडकीत आली. त्यानंतर त्याची मुळ्या उपटायची गती एकदम वाढली.

ऊन पिवळं पडलं तेव्हा शेवटचा आहेर जमा झाला. अंबाबाईंच्या सांगण्यावरून प्रत्येकाने वरचा एक घातला होता. भाविकाने होन बघितले, मान डोलावली आणि जत्रेकडे निघाली. पांढरा घोडा अजून तिथेच उभा होता, पंख मिटून. आम्ही चौघे तिच्या खांद्यावरून वाकलो होतो. घोडेवाल्याने हात पुढे केला, आणि नेमका तेवढ्यात पडद्यावर तो घोडेस्वार आला. त्याने कागद उलगडला: 'सरदार वज्रबाहू यांच्या धाकट्या कन्येचा विवाह. आपण भेट देऊ इच्छिता?'

अंबाबाईंचं तोंड उघडलं आणि मिटलं. पोपटशेठचा हात सवयीने खिशाकडे गेला. मी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो मागे घेतला. बोलावणं तर आलंच होतं, आणि बोलावणं आल्यावर काय करायचं असतं ते तिला आम्हीच शिकवून बसलो होतो.

भाविकाने माइक बंद केला. भेटीच्या चौकटीवर बोट ठेवलं. एक लिहिला, नुसता वरचा एक. त्याच्यापुढे काही लिहिलं नाही. 'पाठवा' दाबलं, आणि कारभारी काय म्हणतो ते न बघता घोड्याचे होन मोजून तिने चांदण्याचा लगाम हातात घेतला.